बिरागो मागे वळली नाही

बांतामा, कुमासी
४ फेब्रुवारी २०१३

सेरवा पोरी,

नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि अडोमाको लिहितो आहे. कोर्टातल्या कारकुनीतून सुटून त्याला अकरा वर्षं झाली, तरी प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतो. जणू न्यायाधीश आत यायचे आहेत. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि मागे कुणाशी तरी भलतंच बोलत असतेस. कागदाला निदान तोंड नसतं.

तर ऐक. तुझी धाकटी आजी, माझी पाठची बिरागो, शुक्रवारी सकाळी गेली. आंघोळ केली, मक्याचा केंके मागवला, मिरचीत मीठ नाही म्हणून फ्रेमाला झापलं, आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच. आईचा शेवटचा शब्द काय, तर "मीठ कुठंय," म्हणून फ्रेमा रडते आहे. मी म्हटलं, बाई, बिरागो जाताना आशीर्वाद देईल असं तुला वाटलं होतं का?

मी हसते आहे असं समजू नकोस. बाहत्तर वर्षं जी माझ्या चुका मोजत होती, तीच गेली. आता मी कुणासमोर चुकायचं?

तिला शवागारात ठेवलं आहे. अंत्यविधी २० एप्रिलच्या शनिवारी. घरातल्या सगळ्या बायकांनी एकच कापड नेसायचं, आणि ते कुठलं हे विचारायलाच नको. तिच्या नावाचं. "बिरागो मागे वळली नाही." कारखान्याने तो छाप काढायचा बंद करून पंधरा वर्षं झाली. तू त्या कापड-पथकात साहेबीण आहेस. ऊन-पाऊस न बघता नकली माल पकडून कारखान्याची राखण करतेस. मग कारखाना आपलं एवढं ऐकेल की नाही? शंभर माणसांपुरतं कापड, जास्त नको.

खुद्द बिरागोला गुंडाळायला तिचं स्वतःचं जुनं आहे. पेटीत कापूर घालून ठेवलेलं. ते तिने मला तीनदा दाखवून ठेवलं आहे, मी विसरेन म्हणून.

फ्रेमा अजून तुझ्याशी बोलत नाही. तुमच्या पथकाने तिच्या दुकानातले चार गठ्ठे नेले त्याला वर्ष झालं. बाईंची आठवण दांडगी, आईवर गेली आहे.

तुझी आजी,
दुफी
(अंगठा)


अक्रा
११ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र बसवाल्या येबोआने ऑफिसात आणून दिलं. मी जिन्यात उभं राहून वाचलं आणि मग तिथेच बसले. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे झोपायचे, ती माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की डोळे मिटायचे नाहीत. मला रजा आत्ता मिळत नाही. एप्रिलमध्ये नक्की येते.

मी कारखान्यात जाऊन आले. विक्रीचा साहेब भला आहे. त्याने मोठी वही काढली, त्यात आपला छाप सापडला. तो कारखान्याच्या नावावर नोंदलेला आहे, म्हणजे दुसऱ्या कुणी छापला तर गुन्हा. पण ते स्वतःही छापणार नाहीत. छपाईचे रूळ जुने झाले, मोडीत काढले. मी म्हटलं, नवे करा. तो म्हणाला, नमुना तरी कुठे आहे आमच्याकडे? वहीत नुसतं रेखाटन आहे, रंग नाहीत. अस्सल जुना तुकडा मिळाला तर वरच्यांना विचारून बघतो.

आजी, बिरागो आजीचं कापड पाठवशील? फक्त दाखवायला. मी स्वतः नेईन, स्वतः आणेन.

आणि एक विनंती. सीमेपलीकडून, लोमेहून येणारी नक्कल काही झालं तरी घेऊ नका. हा छाप चोरून छापलेला सगळीकडे आहे, गेल्याच महिन्यात आम्ही गोदामभर पकडला. आता कायदा कडक झाला आहे. पथकाला दुकानात शिरायचा, गठ्ठे फोडायचा, माल उचलायचा अधिकार आहे, आणि कोर्टाने हुकूम दिला की सगळं जाळतात. आपल्याच घरच्या अंत्यविधीत नक्कल नेसलेल्या बायका दिसल्या तर मी काय तोंड दाखवू?

तुझी,
सेरवा


बांतामा
१८ फेब्रुवारी

पोरी,

म्हणजे ज्यांनी छापायचं ते छापत नाहीत, आणि ज्यांनी छापू नये ते गोदाम भरून छापतात. तुमचा कायदा फार हुशार आहे. अडोमाको म्हणतो, कायद्याला नावं ठेवू नये. मी म्हटलं, मी कशाला ठेवू, मी नावं कापडाला ठेवते.

त्या वहीत माझं नाव आहे का, ते तू विचारलं नाहीस. नसणारच. एकसष्ट साली ते कापड आलं तेव्हा त्याला काही नावच नव्हतं. निळ्यावर तपकिरी पावलं, सगळी एकाच दिशेला चाललेली. तीन आठवडे माझ्या फळीवर पडून राहिलं. बिननावाचं कापड कोण घेतं? बाई ते नेसून बाहेर पडली की शेजारीण विचारणार, काय म्हणतेस गं आज? तर उत्तर नको?

त्याच सुमारास एका गुरुवारी बिरागोने नवऱ्याला सोडलं. डोक्यावर तसराळं, तसराळ्यात तिची भांडी, आणि केजेटियाच्या बाजारातून मधोमध चालत आली. तो मागून ओरडत होता, "बिरागो! ए बिरागो!" तीनदा ओरडला. सगळा बाजार उभा राहून बघत होता. तिची मान हलली नाही, तसराळ्यातला चमचाही वाजला नाही. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आक्का, पाणी दे. आणि रडू नकोस, गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक विचारत होतं, या कापडाचं नाव काय. मी सांगितलं, "बिरागो मागे वळली नाही."

तीन दिवसांत फळी रिकामी. महिन्याभरात किनाऱ्यापर्यंत बायका त्याच नावाने कापड मागायला लागल्या. कारखान्याने आणखी छापलं, आणखी छापलं, आणि मला बिस्किटांचा एक डबा दिला. डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं. बिस्किटं बिरागोने खाल्ली.

कापड पाठवते आहे. लगेच नाही पाठवलं, चार दिवस उशाशी घेऊन झोपले. फ्रेमाला सांगितलेलं नाही, नाहीतर माझं प्रेतही आत्ताच न्यावं लागेल. सेरवा, हे नीट ऐक. बाकीच्यांचं कापड मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर साधं काळं नेसतील, कुणी मरत नाही. पण हे एक परत यायला हवं. ते नेसूनच तिने फ्रेमाला पाठीवर वाढवलं. ती म्हणायची, मला ज्यात बघून सगळ्यांनी ओळखलं, त्यातच बघून निरोप द्या. मी तिला शब्द दिला आहे. अंत्यविधीच्या आधीच्या रविवारपर्यंत ते माझ्या हातात दे.

आणि नकलेचं म्हणशील, तर मला शिकवू नकोस. पन्नास वर्षं फळीवर बसले, कुणाला खोटं कापड अस्सल म्हणून दिलं नाही. तुझी बोटं धरून अस्सल कसं लागतं ते मीच तुला दाखवलं आहे. तू अजून "ए" गिरवत होतीस तेव्हा.

दुफी
(अंगठा)

(कारखान्याबद्दल बाईंनी आणखी दोन वाक्यं सांगितली होती. ती मी लिहिलेली नाहीत. — अडोमाको)


अक्रा
६ मार्च

आजी,

कापड मिळालं. घडी उलगडली आणि खोलीभर कापराचा आणि तिचा वास. मी लगेच घडी घातली, वास उडून जाऊ नये म्हणून.

कारखान्याच्या साहेबाने हात लावून बघितलं, दोन्ही बाजू बघितल्या, वाहवा केली आणि आठवडाभर ठेवून घेतलं. मग वरून उत्तर आलं, एवढ्याशा मागणीसाठी रूळ घडवता येत नाहीत. मी पुष्कळ बोलले. शेवटी त्याने मला चहा दिला. चहा मिळाला की काम झालं नाही हे तूच शिकवलं आहेस.

तेव्हा काळं कापड घ्या. मी इथून चांगलं पाठवते.

बिरागो आजीचं कापड सध्या आमच्या ऑफिसात आहे, कुलपात. आमच्या साहेबांना ते तुलनेसाठी हवं होतं. गोदामातली नक्कल कोर्टात नक्कल ठरवायची तर शेजारी अस्सल ठेवावं लागतं. पंधरा दिवसांचं काम आहे. त्याच्यामुळे खटला उभा राहिला, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. तिला हे आवडलं असतं ना? जन्मात एकदा कोर्टात जाऊन साक्ष दिली असती तिने.

सेरवा


बांतामा
२० मार्च

पोरी,

बिरागो कोर्टात गेली असती तर न्यायाधीशालाच मीठ कमी आहे म्हणाली असती. आवडलं असतं, हो. पण पंधरा दिवस संपले.

इथे सगळं चाललं आहे. मांडव ठरला, ढोलवाले ठरले. चुलतघरच्या बायका काळ्यावरून कुरकुरत आहेत, त्यांना मी म्हटलं, बिरागोला निजवतील तेव्हा डोळे भरून बघून घ्या, ते कापड आता तिच्याच अंगावर दिसेल. सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. केजेटियाच्या म्हाताऱ्याही यायच्या आहेत, ज्यांनी तिला तसराळं घेऊन चालताना बघितलं होतं. पाच-सहाच उरल्यात. त्यातली एक आंधळी आहे, ती म्हणते, मी हाताने बघेन.

काल फ्रेमाने पेटीची किल्ली मागितली. कापड उन्हात घालायचं म्हणाली. मी म्हटलं किल्ली सापडत नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी खोटं बोलायला फार सोपं जातं, सगळ्यांना वाटतं म्हातारी विसरली.

बसवाला येबोआ दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मी स्टँडवर जाऊन बसते. तो लांबूनच मान हलवतो. त्याला म्हटलं, मूर्खा, जवळ येऊन तरी नाही म्हण.

दुफी
(अंगठा)


अक्रा
२ एप्रिल

आजी,

उशीर झाला, माफ कर. खटला संपला. आम्ही जिंकलो. नंतरची कागदपत्रं फार असतात, म्हणून कापड सुटायला वेळ लागतो आहे. मी स्वतःच घेऊन येईन, येबोआजवळ देत नाही. तू स्टँडवर उन्हात बसू नकोस.

काळं कापड मिळालं का? नारळाचं तेल आणि तुझ्या गुडघ्याची गोळी त्यातच ठेवली आहे. गोळी जेवल्यावर घे. इथे पाऊस लवकर येईल म्हणतात. मला बढती मिळेल असं बोललं जातं, बघू.

सेरवा


बांतामा
९ एप्रिल

सेरवा,

तू पत्रात पाऊस, तेल आणि गोळी लिहितेस. लहानपणी दुधाचं भांडं सांडलंस की अशीच शेजारच्या कोंबड्यांच्या गोष्टी सांगायचीस.

काल फ्रेमाच्या दुकानात टीव्हीवर दाखवलं. अक्राच्या बाहेर मोठं मैदान, गठ्ठ्यांचा डोंगर, वर रॉकेल ओतलं आणि आग लावली. तू दिसलीस, गणवेशात, हातात कागद. वाळली आहेस. फ्रेमा म्हणाली, "बघ मावशी, तुझी नात लोकांची पोटं जाळते आहे." मी तिला गप्प केलं. पण मी ते बघत नव्हते. त्या डोंगरात एका बाजूला निळं होतं, त्यावर तपकिरी पावलं होती. पुष्कळ होती, नकलेचीच असणार.

मला एकच सांग. कापड कुठे आहे?

दुफी
(अंगठा)


अक्रा
१२ एप्रिल

आजी,

हे पत्र तू एकटी असताना अडोमाकोकाकांकडून वाचून घे.

कापड नाही. ते त्याच डोंगरात होतं.

साहेबांनी ते तुलनेसाठी घेतलं तेव्हा खटल्याच्या मालाच्या यादीतच नोंदलं. क्रमांक दोनशे चौदा. मी म्हटलं, हे वेगळं लिहा. ते म्हणाले, नंतर बघू. निकालात कोर्टाने लिहिलं, यादीतला सगळा माल नष्ट करावा. मी त्याच दिवशी अर्ज केला, की दोनशे चौदा अस्सल आहे, माझ्या घरचं आहे, परत द्या. उत्तर आलं, अस्सल असल्याचा पुरावा द्या. पुरावा म्हणजे काठावरची कारखान्याची अक्षरं. तिने ती कापून काठ दुमडून शिवला होता, पाठीवर फ्रेमा असताना पायात येऊ नये म्हणून. ज्या साहेबाने वाहवा केली होती, त्याच्याकडे धावले. तो म्हणाला, काठ नसेल तर आम्ही लेखी देऊ शकत नाही. मी म्हटलं, हात लावून बघा, मी बोटांनी सांगते. आजी, बोटं पुरावा होत नाहीत.

मला वाटलं, आग लावायच्या दिवशी यादी वाचायला मी स्वतःच आहे, तेवढं एक बाजूला काढून घेईन.

मला ते दिसलं. वरच होतं. नकलेचा निळा उन्हात भडक दिसतो, तिचं मऊ पडलं होतं, पटकन कळत होतं. माझ्यापासून दहा पावलांवर. वर्तमानपत्रवाले होते, कॅमेरे होते, साहेबांचेही साहेब आले होते. मी एक कापड काढलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, पथकाची बाई माल का उचलते? मी यादी मोठ्याने वाचत होते. दोनशे बारा, दोनशे तेरा, दोनशे चौदा. माझा आवाजसुद्धा हलला नाही. मग त्यांनी रॉकेल ओतलं.

मी तुला हे लिहिणार नव्हते. हरवलं म्हणणार होते.

मी अंत्यविधीला येत नाही. त्या म्हाताऱ्यांसमोर उभी राहू शकणार नाही. तू कुणालाही काहीही सांग, मी केलं असंच सांग.

सेरवा


बांतामा
२२ एप्रिल

पोरी,

अडोमाकोने तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्याने घसा खाकरला नाही. मग म्हणाला, "बाई, मी चाळीस वर्षं अशा याद्या लिहिल्या." मी म्हटलं, आता रडू नकोस, शाई पसरते.

तीन दिवस मला तुझा राग आला. खूप आला, खोटं कशाला सांगू. चौथ्या दिवशी बिरागोला शवागारातून आणायचं होतं, तेव्हा राग बाजूला ठेवावा लागला, हात रिकामे हवे होते. मी फ्रेमाकडे गेले.

म्हटलं, "तुझ्या आईचं कापड नाही."

"किल्ली सापडली का?"

"कापड नाही, फ्रेमा. मी ते घालवलं."

ती उठली. मग दुकानाच्या मागे गेली, पोत्याखालून एक तुकडा काढून आणला. नवाकोरा, निळ्यावर तपकिरी पावलं. म्हणाली, "मावशी, हे विकते म्हणून तू माझ्या हातचं पाणी प्यायची नाहीस. तुझ्या नातीच्या माणसांनी चार गठ्ठे नेले, हा तेवढा राहिला. घे." मी हातात घेतलं. बोटांना लगेच कळलं. एका बाजूला रंग गडद, एका बाजूला फिका, आणि अंगाला चिकटणारं. मी तिथेच म्हणाले, "छान आहे." फ्रेमा रडली. आई गेल्यापासून मिठासाठी रडत होती, आता माझ्यासाठी रडली.

आम्ही दोघींनी ते रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं, सकाळी दगडावर घासलं, उन्हात घातलं, परत घासलं. जुनं दिसायला लागलं. फ्रेमा म्हणाली, "काठ?" मी काठ कापले आणि दुमडून शिवले.

शनिवारी बिरागोला त्यात निजवलं. काळं नेसलेल्या बायका ओळीने आल्या. मी उशाशी बसून प्रत्येकीला सांगत होते, "बघा, हेच ते. एकसष्ट सालचं. हेच तिचं." पन्नास वर्षांत जे केलं नव्हतं, ते मी त्या सकाळी दोनशे वेळा केलं. नातेवाईक हात जोडून पुढे गेले. मग बाजारातल्या म्हाताऱ्या आल्या. एकीने काठ चिमटीत धरला, थोडा चोळला. माझ्याकडे बघितलं. काठ परत नीट बिरागोच्या खांद्याखाली सारला आणि म्हणाली, "हो गं, तेच." दुसरीने हातच लावला नाही. आंधळीला मी अडवणार होते, पण तिने हात पुढे केलाच. बराच वेळ ठेवला. मग कापडावरून उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

कुणी विचारलं की सेरवा कुठे, तर मी सांगितलं, सरकारी काम आहे, तिच्यावाचून अडतं. कापडाच्या बाबतीत फ्रेमाजवळही तुझं नाव घेतलं नाही.

मातीत जाताना माझं लक्ष खड्ड्याकडे नव्हतं, कापडाकडे होतं. ती त्यात नव्हती असं मला वाटत राहिलं. मोडक्या गुडघ्यांनी घरी आले आणि रिकाम्या पेटीत हात घालून बघितला. कापराचा वास अजून आहे. तेवढाच आहे.

तू मातीनंतरच्या चाळिसाव्या दिवशी येशील. येते का म्हणून मी विचारत नाही. तुमच्या त्या कायद्याने खोटा माल खरा म्हणून देणाऱ्याला पकडायचं असतं ना? तर बांतामात एक म्हातारी आहे, दोनशे साक्षीदार आहेत, आणि ती नाकबूल करणार नाही. फ्रेमा तुला दारात काही बोलेल, ते ऐकून घे. मग आत ये, माझ्याजवळ बस. मला एकटीला तिची तसराळ्यातली भांडी आवरता येत नाहीत.

तुझी आजी,
दुफी
(अंगठा)